जिन्याखालचं अवकाशयान

गुरुदत्त टिपणीसांनी अवकाशयान आणलं त्या दिवशी रमाबाईंनी एवढंच विचारलं, की हे आता राहायला आलंय की जायचंय. नवरा काय आणतो आणि कशाला आणतो, हे विचारण्याचा टप्पा त्या घरात केव्हाच मागे पडला होता. आधी किरणबंदूक आली. मग यंत्रमानवाचं मुंडकं आलं, आणि ते शोकेसमध्ये, मावशीनं आग्र्याहून आणलेल्या ताजमहालाशेजारी जाऊन बसलं. येणारे-जाणारे आधी दचकायचे, पुढे त्याला विचारल्यासारखं करून चहा घ्यायचे. माणसाला कशाचीही सवय होते.

आता अवकाशयान म्हणजे अख्खं यान नव्हे. तेवढी जागा पनवेलात आहे कुणाकडे? हा यानाचा नुसता नियंत्रण-फलक होता. दिवाणाएवढं प्लायवुडचं धूड, वरून चंदेरी रंग, आणि समोर लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांच्या ओळी. काही वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘यान नक्षत्र’ नावाची हिंदी मालिका लागायची, तिच्यातला. तुम्हाला आठवत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. ती बघणारे पनवेलात मोजकेच होते आणि बघतो म्हणून कबूल करणारे एकटे टिपणीस. यानाचा कप्तान दर भागात पृथ्वीला वाचवायचा आणि त्याच्या डोक्यावरचं शिरस्त्राण स्वच्छ दिसेल असं पितळी पातेलं होतं. पण कप्तानाकडे बघतोय कोण? टिपणीस बघायचे ते त्याच्या पाठीमागच्या फलकाकडे.

कारण त्यावरचे दिवे उगाच लागत-विझत नव्हते. लग्नाच्या मांडवातली माळही लागते-विझते, पण तिला काय अक्कल असते? हे दिवे एका टोकाकडून दुसरीकडे झरझर जायचे, मध्येच अडखळायचे, परत फिरायचे, एखाद्या दिव्यावर रेंगाळायचे आणि मग ठरल्यासारखे जागेवर यायचे. आत कुणीतरी विचार करतंय, असं टिपणीसांना वाटायचं. आत काय असेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जो शिरला, तो मालिका गुंडाळली गेली तरी बाहेर पडला नाही.

टिपणीस तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. तरुणपणी त्यांनी पोस्टानं रेडिओ-दुरुस्तीचा कोर्स केला होता. त्याचा शेवटचा धडा कुठेतरी गहाळ झाला, त्यामुळे त्यांना कुठलाही रेडिओ उघडता येत असे, बंद करायचा तेवढा राहून गेला. एरवी माणूस सज्जन. पण एखादी वस्तू बंद डब्यात असली की त्यांना चैन पडत नसे. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यांनी सासरेबुवांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, त्यानंतर महाडला ते जायचे तेव्हा घड्याळ कपाटात असायचं.

हा सगळा माल पुरवणारे मुनाफभाई. त्यांचं दुकान मच्छीमार्केटच्या मागच्या गल्लीत. धाकटा भाऊ शहजाद कुवेतला होता. तो टेपरेकॉर्डर पाठवायचा, सेंटच्या बाटल्या पाठवायचा, वाघाच्या चित्राची ब्लँकेटं पाठवायचा. मग तिकडे युद्ध पेटलं, शहजाद अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आला आणि दुकानाची फडताळं रिकामी झाली. तेव्हा मुनाफभाई गोडाउनांतला बेवारस माल लॉटनं उचलायला लागले. पळस्पे फाट्यालगतच्या एका गोडाउनात या मालिकेचं सामान धूळ खात पडलं होतं. बाकी कुणी त्याला हात लावेना. मुनाफभाईंनी उचललं, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे टिपणीस होते. गिऱ्हाईक ओळखावं तर मुनाफभाईंनी.

टिपणीसांनी एकेक वस्तू उघडली आणि आत जे निघालं ते बघून दुसरा कुणी खट्टू झाला असता. किरणबंदुकीत स्कूटरच्या इंडिकेटरचा फ्लॅशर होता, आणि पुढचं किरण फेकणारं तोंड म्हणजे चहाची गाळणी. यंत्रमानवाच्या मुंडक्यात दाराची चिमणीवाली बेल. मालिकेत तो परग्रहावरची भाषा बोलायचा ती हीच, फक्त टेप हळू फिरवून. कप्तानाच्या मनगटावरच्या यंत्रात तर काहीच नव्हतं, चॉकलेटचा चांदीचा कागद तेवढा होता. पण टिपणीस खूश. गाळणीतून पृथ्वी वाचवणारा तो अज्ञात माणूस त्यांना फार आवडायला लागला होता. आणि ज्यानं गाळणीत एवढं डोकं लढवलं, त्यानं फलकात काय लढवलं असेल?

फलक टेम्पोतून चैत्रबन सोसायटीच्या दारात आला आणि तिथेच अडला. जिन्याच्या पहिल्या वळणाला तो वळेना. उभा करून बघितला, आडवा करून बघितला, टेम्पोवाल्यानं तर तिरका करून स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतलं. शेवटी तो जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, सायकली आणि एका मेलेल्या लुनाच्या शेजारी, स्थानापन्न झाला. तात्पुरता, असं टिपणीस म्हणाले. सहकारी सोसायटीत तात्पुरती म्हणून ठेवलेली वस्तू तीन पिढ्या हलत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सेक्रेटरी वर्तकांच्या कपाळाला त्याच वेळी आठी पडली.

रोज कारखान्यातून आले की टिपणीस कपडे बदलून जिन्याखाली. मागची फळी उघडली तर आत एक ट्रान्सफॉर्मर, दिव्यांची होल्डरं आणि त्यांतून निघून एकत्र आलेली वायरींची मनगटाएवढी जाड वेणी. बस्स. एकेक वायर लावून बघितली की एकेक दिवा लागायचा. म्हणजे दिवे ठीक, वायरी ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक. पण कुठला दिवा कधी लागायचा हे ठरवणारा कोण? तो मेंदू आत नव्हताच. वेणीचं टोक मोकळं सोडलेलं, म्हणजे मेंदू कुणीतरी काढून नेलेला.

त्यातही एक गोष्ट त्यांना झोपू देईना. वेणीच्या टोकाला प्रत्येक वायरीवर चिकटपट्टीचा तुकडा होता, काहींवर पांढरा, काहींवर काळा. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा, पांढरा, काळा... टिपणीसांच्या अंगावर काटा आला. कॉम्प्युटर शून्य आणि एकच्या भाषेत बोलतो हे त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. पांढरा म्हणजे शून्य, काळा म्हणजे एक. ही गुप्त लिपी होती. त्यांनी ती उलट वाचली, सुलट वाचली, कारखान्यातल्या जमाखर्चाच्या विभागातल्या एका एम.एस्सी. झालेल्या मुलीला दाखवली. तिनं विचार करून सांगितलं की हा आकडा फार मोठा आहे. त्यानं टिपणीसांचा विश्वास आणखीच वाढला. एवढा मोठा आकडा उगाच कोण लिहील? त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं की जिन्याखाली आहे तो कॉम्प्युटर आहे, फक्त त्याचा मेंदू सापडायचाय.

आता बिल्डिंगला असं काही सांगायचं म्हणजे सल्ल्यांना दार उघडून द्यायचं. तळमजल्याच्या सुमतीबाईंनी दृष्ट काढायला सांगितलं, मशिनांनाही लागते म्हणाल्या, त्यांचा मिक्सर असाच गेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की मोरा बंदरात त्यांचा साडू आहे, तो लाँचचं इंजिन कानानं ओळखतो, त्याला बोलावू का. याला इंजिन नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग तेच बिघडलं असेल. ‘तुम्ही फार खोलात शिरता’ असं तर प्रत्येकानं सांगितलं. हा सल्ला देणारा माणूस स्वतः तासभर त्या खोलात डोकावून उभा असायचा.

मेंदू मिळेपर्यंत आपणच एक करावा, असं टिपणीसांच्या मनानं घेतलं. दिव्यांच्या माळेचा एक फ्लॅशर आणला, जिन्याच्या दिव्यांच्या लायनीवरून करंट घेतला आणि बटण दाबलं. फलक ढिम्म. पण वरपासून खालपर्यंत जिन्यातले सगळे दिवे लुकलुकायला लागले. चूक कुठे झाली ते त्या न आलेल्या शेवटच्या धड्यात असणार. ती शोधेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या कार्यालयात निघालेलं एक वऱ्हाडी कुटुंब रोषणाई बघून सरळ चैत्रबनात शिरलं. नटूनथटून, हातात आहेर. सुमतीबाईंचं दार उघडं होतं, त्या हसतमुख बाई, त्यांनी बसवलं, सरबत दिलं. दोन्ही बाजू आपापल्या परीनं ओळख आठवायचा प्रयत्न करत होत्या. नवरी कुठाय म्हणून पाहुण्यांनी विचारलं तेव्हा उलगडा झाला, आणि सरबत पिऊन झालेलं असल्यामुळे सगळ्यांनाच अवघड झालं.

वर्तकांनी हे प्रकरण समितीपुढे नेलं. वर्तक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. खुर्ची गेली होती, पण हात अजून शेरे मारायला शिवशिवायचे. ठराव झाला की जिन्याखाली फक्त चालू स्थितीतल्या वस्तू ठेवता येतील. सोसायटीच्या वर्धापनदिनी सत्यनारायणाची पूजा असते, सगळे सभासद जमलेले असतात, तेव्हाच समिती पाहणी करील. जी वस्तू चालणार नाही ती त्याच दिवशी भंगारात. भंगारवाल्याला हातगाडी घेऊन यायलाही सांगून झालं. लुनाच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी लुना विकून टाकली, राहिले एकटे टिपणीस.

मुदतवाढीचा अर्ज करायला ते वर्तकांकडे गेले. वर्तकांनी विचारलं, वस्तूचा प्रकार काय लिहायचा? टिपणीसांनी सरळपणे सांगितलं, अवकाशयान. यान म्हणजे वाहन, वर्तक म्हणाले, आणि वाहन म्हटलं की आर.सी. बुक लागतं. मग यंत्र लिहा, टिपणीस म्हणाले. यंत्र असेल तर ते चालतं का, वर्तकांनी विचारलं. फर्निचर लिहायची सोय होती, पण फर्निचर जिन्याखाली चालत नव्हतं, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, फर्निचर हा शब्द टिपणीसांच्या घशाखाली उतरेना. ते अर्ज न करताच वर आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. आपल्या अंगणात उतरलेलं यान भंगाराच्या काट्यावर जाणार, पातेलं आणि गाळणी वापरून ज्यानं आकाश उभं केलं त्या माणसाचा मेंदू कधीच कळणार नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. रमाबाईंनी आमटी दोनदा गरम केली आणि मग झाकून ठेवली.

पूजा चार दिवसांवर आली तेव्हा टिपणीस शेवटचा उपाय म्हणून मुनाफभाईंकडे गेले. त्या गोडाउनात आणखी काही होतं का? एखादा डबा, एखादं यंत्र, काहीही? मुनाफभाईंनी डोकं खाजवलं. सगळं तुम्हालाच दिलं म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं.

“टिपणीससाब, एक बाजाची पेटी होती. पण तिचं तुमच्या रॉकेटशी काय ताल्लुक? गलतीनं आली असेल लॉटमध्ये. मी ती बाजूला काढली.”

काढली आणि काय केली? तर मुनाफभाईंच्या आई, हव्वाबी, यांच्याकडे ओवे गावची चंद्रावती भाजी घेऊन यायची. ओव्याच्या बायकांच्या भजनी मंडळाची ती पुढारी. मंडळाकडे टाळ होते, मृदंग होता, पेटी नव्हती. हव्वाबींनी मुलाला फर्मावलं की ही पेटी देवाच्या कामाला जाऊ दे, अन् मुनाफभाईंनी ती पाठवून दिली. अवकाशयानाच्या सामानात हार्मोनियम दिसली तर कुठलाही शहाणा माणूस ती चुकून आली असंच समजेल, त्यात मुनाफभाईंना बोल लावता येणार नाही. टिपणीसांनाही फारशी आशा वाटली नाही. पण बुडत्या माणसाला निवड नसते. त्यांनी स्कूटरला किक मारली.

ओव्याच्या गावदेवीच्या देवळात चंद्रावतीनं त्यांना पेटी दाखवली. ती कोपऱ्यात ठेवलेली होती आणि तिच्यावर टाळांची चळत होती. पेटी मुकी निघाली होती. भाता हलायचा, पट्ट्या दबायच्या, पण सूर म्हणून निघत नव्हता. त्यावरून मंडळात भांडणं झाली होती. एकीचं म्हणणं दुसरीनं जोरात भाता मारून बिघडवली, दुसरीचं म्हणणं पहिलीच्या आवाजाला घाबरून पेटी गप्प झाली. टिपणीसांनी ती मागितली, बदल्यात दुसरी वाजती पेटी आणून देतो म्हणाले. चंद्रावतीला ही कटकट गेलेली हवीच होती. पण पेटीला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून ती देवीला दिलेली होती.

“देवीची वस्तू आमी कशी देनार? तिला इचारावं लागंल,” चंद्रावती म्हणाली. “कौल लावू.”

कौल म्हणजे असं, की देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. टिपणीस म्हणजे विज्ञानाची मासिकं वर्गणी भरून घेणारा माणूस. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, हे त्यांनी मनातल्या मनात स्वतःला नीट बजावलं आणि उजव्या पाकळीवर असे डोळे लावले की पापणी लवेना. पाकळी पडेना. डावीही पडेना. वारा बिलकूल नव्हता. बसून बसून टिपणीसांच्या पायाला मुंग्या आल्या. पाय मोकळा करायला ते जरा कलले आणि त्यांची नजर खाली ठेवलेल्या पेटीवर गेली.

पांढरी. काळी. पांढरी. काळी. पांढरी, पांढरी, काळी.

“अरे देवा!” टिपणीस एवढ्या मोठ्यानं ओरडले की गाभारा घुमला, आणि त्या फुंकरीसरशी उजवी पाकळी खाली पडली.

यावर थोडा वाद झाला. मृदंगवालीचं म्हणणं पडलं की पाकळी देवीनं सोडली नाही, या गृहस्थानं उडवली. दुसरीनं विचारलं की मग डावी का उडाली नाही? टिपणीस बिचारे पेटीसमोर बसून पट्ट्या मोजत हसत होते. शेवटी चंद्रावतीनं निकाल दिला की माणसाला ओरडायची बुद्धी पण देवीच देते, न्या ती पेटी.

घरी येऊन पेटी उघडली तर आत आवाज काढणारे पितळी सूर नव्हतेच. ते काढून प्रत्येक पट्टीखाली तांब्याची एक पत्री बसवलेली होती, आणि मागच्या फळीवर पितळी स्क्रूंची रांग. पट्टी दाबली की पत्री टेकायची आणि करंट जोडला जायचा. काळ्या चिकटपट्टीची वायर काळ्या पट्टीला, पांढरीची पांढरीला. गुप्त लिपी बिपी काही नाही, हार्मोनियमची पट्टी होती ती. मेंदूही नव्हता, कॉम्प्युटर तर नव्हताच. फलकाच्या पाठीमागे कुणी एक पेटीवाला बसायचा, बहुधा एखाद्या नाटक कंपनीतून आलेला, आणि पुढे कप्तान पृथ्वी वाचवत असताना तो मागे बसून दिवे वाजवायचा. टिपणीसांनी हे कळल्यावर डोळे पुसले. आपण बिल्डिंगभर कॉम्प्युटर म्हणून सांगितलं याची लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, त्यातलं कुठलं पाणी कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वर्धापनदिनी सत्यनारायणाची पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला आणि समिती जिन्याखाली आली. हातगाडी फाटकाशी उभी होती, गाडीवाला द्रोणातला शिरा खात होता. टिपणीसांनी बटण लावलं, पेटीसमोर बसले आणि एका बोटानं एक पट्टी दाबली. एक लाल दिवा लागला. दुसरी दाबली, हिरवा लागला. समिती बघत राहिली. टिपणीसांनी तिसरी दाबली.

वर्तक म्हणाले की हे तर दाराच्या बेलसारखं आहे. बटण दाबलं की दिवा लागतो याला चालू स्थिती म्हणत नाहीत, चालू म्हणजे चाललं पाहिजे. तुमची स्कूटरही किक मारल्याशिवाय चालत नाही, टिपणीस म्हणाले. पण किक मारल्यावर ती चालते, वर्तक म्हणाले, आणि त्यांचं खोटं नव्हतं. टिपणीसांनी दोन बोटं लावून बघितली. बोटं एकमेकांत अडकली, दिवे भलतीकडेच लागले, मागे कुणीतरी फिसकन हसलं. रविवारी टीव्हीवर जे दिसायचं त्यातलं इथे काहीच नव्हतं. गाडीवाल्यानं द्रोण टाकला, हात झटकले आणि तो आत आला. एवढं सगळं सापडलं आणि वाजवता येत नाही म्हणून जाणार.

तेवढ्यात रमाबाई प्रसादाचं ताट सुमतीबाईंच्या हातात देऊन पुढे झाल्या. पूजेची पैठणी सावरून, “सरका जरा,” म्हणाल्या, आणि पेटीसमोर बसल्या.

टिपणीसांना लग्नाआधीचं ऐकून माहीत होतं की रमाबाई पेटी वाजवायला शिकलेल्या आहेत. त्यांची पेटी माहेरी महाडलाच राहिली होती. इथे भिंती पातळ, आधी लेक अनुया लहान होती, मग अनुयाची दहावी आली, मग दुपारी वाद्यं वाजवू नयेत असा सोसायटीचा ठराव आला, आणि तो विषयच बंद झाला होता. आता रमाबाईंनी भाता मारायला हात मागे नेला, त्याची गरज नाही हे लक्षात आल्यावर दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, आणि तोंडातल्या तोंडात भूप गुणगुणत सुरुवात केली.

आवाज काही नव्हता. बाईंची गुणगुण फक्त जवळच्यांना ऐकू येत होती. पण दिवे निघाले. एका टोकाकडून दुसरीकडे झरझर गेले, मध्ये अडखळले, एका निळ्यावर रेंगाळले, परत फिरले आणि ठरल्यासारखे लाल दिव्यावर येऊन थांबले. तेच. अगदी तेच, जे टिपणीसांना वाटायचं की आत कुणीतरी विचार करतंय. करतच होतं कुणीतरी. लहान मुलं जमिनीवर बसली, मागच्यांनी पुढच्यांना खाली बसायला सांगितलं. गाडीवाल्यानं आपणहून पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. टिपणीस बायकोकडे बघत होते, दिव्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

झाल्यावर वर्तकांनी खाकरून सांगितलं की वस्तू चालू स्थितीत आहे अशी नोंद होईल. पण माणूस शेरा मारल्याशिवाय थांबेना. वाद्य असेल तर दुपारचा ठराव लागू होतो म्हणाले. यावर सुमतीबाईंनी विचारलं की आवाज कुठे आहे? वर्तकांनी कान देऊन बघितलं. आवाज नव्हता. मुक्या पेटीला मनाई करणारा ठराव त्यांच्या सबंध कारकिर्दीत झालेला नव्हता, ते शिऱ्याकडे वळले.

“पण हे जिन्याखाली नको,” रमाबाई म्हणाल्या. “वर घेऊ. ही कुणालाच ऐकू जात नाही, म्हणजे मला रोज वाजवता येईल.”

टिपणीसांनी बायकोकडे बघितलं आणि पेचकस आणला. आत मेंदू नाही हे कळल्यावर फलक सुटासुटा करायला भीती कसली? चार फळ्या सुट्या केल्या, जिन्यावरून वर नेल्या, हॉलमध्ये पुन्हा जोडल्या. जागा व्हावी म्हणून सोफा काढावा लागला. गाडीवाला एवढा वेळ खोळंबलेलाच होता, त्याला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसलं नसतं, तेव्हा तो सोफा घेऊन गेला. ओव्याला वाजती पेटी महाडहून मागवून पोचती केली. रमाबाईंनीच सुचवलं, त्यांची जुनी पेटी तिथे नुसतीच पडून होती. चंद्रावतीनं निरोप पाठवला की देवीनं सौदा बरा केला.

तेव्हापासून टिपणीस तळोज्याहून परतताना कोपऱ्यावरूनच आपल्या खिडकीकडे बघत येतात. पडद्याआड दिवे धावत असतात. दिव्यांवरून राग ओळखायचा त्यांनी नाद लावून घेतला आहे. कुठला दिवा कुठला सूर, हे पाठ केलंय, आणि दोन-तीनदा बरोबर आल्यापासून त्यांचा आत्मविश्वास पोस्टाच्या कोर्सवेळी होता तेवढाच झाला आहे. सहा मजल्यांचा जिना असता तरी ते धावत चढले असते. परवा असेच ते खिडकीखाली बराच वेळ उभे राहिले. दिवे अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही न सोडता जात होते, आणि तसेच परत येत होते. इतकं संथ, इतकं गंभीर त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी दारातूनच सांगितलं, की दरबारी. आणि आजवर वाजवलंस त्यात सगळ्यात सुरेख.

रमाबाईंनी हातातलं फडकं दाखवलं. “वाजवत नव्हते हो. पट्ट्या पुसत होते.”

टिपणीसांनी फडक्याकडे बघितलं, मग दिव्यांकडे.

“मग पुन्हा पूस,” ते म्हणाले, आणि बूट काढायचंही विसरून फलकासमोर बसले.